फेब्रुवारी १९४४

धुंडिराज गोविंद फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, बुधवारी, नाशिकमध्ये वारले. त्यानंतर सहाव्या दिवशी, मंगळवारी २२ तारखेला संध्याकाळी, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये सरकारच्या कैदेत असतानाच कस्तुरबा गांधींनी देह ठेवला. दादासाहेब आणि बा ही दोन्ही नावे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. मात्र एक नाव सिनेमाच्या कप्प्यात आणि दुसरे स्वातंत्र्यलढ्याच्या कप्प्यात, अशी आपण त्यांची कायमची वाटणी करून टाकलेली असल्यामुळे, ही दोन माणसे एकाच आठवड्यात, एकमेकांपासून जेमतेम सव्वादोनशे किलोमीटरवर गेली, ही साधी गोष्ट सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाही.

नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला ही वाटणी पदोपदी दिसते. इथे पुतळे पुष्कळ आहेत, चौकांना नावे आहेत, सभागृहांना नावे आहेत, आणि प्रत्येक नावाची माणसे ठरलेली आहेत. त्या त्या दिवशी त्या त्या ठिकाणी हार येतो, चार जण जमतात, एक जण बोलतो, चहा होतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात अभिवादन केल्याची चौकट येते. यात वावगे काही नाही. ज्यांनी आठवण ठेवली त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. तरीही एकेकट्याची पुण्यतिथी साजरी करताना तो माणूस त्याच्या काळातून उचलून बाजूला ठेवल्यासारखा होतो. तो गेला त्या आठवड्यात बाहेर काय चालले होते, आणखी कोणाच्या घरी रडारड होती, हे सगळे गळून पडते. म्हणून मला एकेक महिना घेऊन त्यात कोण कोण गेले ते सावकाश वाचत बसण्याची आवड लागली. वर्तमानपत्र मृत्यूची बातमी देताना ती कितव्या पानावर आणि किती रकान्यांत द्यायची हे ठरवते. तारीख असे काही ठरवत नाही. ती मानाप्रमाणे बसवत नाही, आली त्या क्रमाने बसवते, आणि त्यामुळे ज्यांनी आयुष्यात एकमेकांचे तोंडही पाहिले नाही अशी माणसे एका पंगतीला येतात.

१९४४ हे लीप वर्ष होते, त्यामुळे त्या फेब्रुवारीला एकोणतीस दिवस होते. महिन्याच्या पहिल्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये पीट मोंद्रियान हा डच चित्रकार न्यूमोनियाने गेला. उभ्या-आडव्या काळ्या रेषा आणि त्यांच्यामधले लाल, पिवळे, निळे चौकोन ही त्याची चित्रे आज साड्यांच्या काठांपासून भिंतीवरच्या टाइल्सपर्यंत कुठेही डोकावतात आणि ती कोणाची हे पाहणाऱ्याला माहीत नसते. युद्धाच्या सावटामुळे त्याने आधी पॅरिस सोडले, मग लंडन सोडले. शेवटचे चित्र त्याच्या हातून पुरे झाले नाही. त्याच्यावर रंगीत चिकटपट्टीचे तुकडे तसेच राहिले, आणि ते तसेच जपलेले आहे. मोंद्रियान १८७२ चा, फाळके १८७० चे. दोघांनीही रीतसर चित्रकलेचे शिक्षण घेतले होते, एकाने ॲमस्टरडॅममध्ये, दुसऱ्याने मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात. पुढे एकाने चित्रातून सगळी हालचाल, सगळ्या आकृती काढून टाकल्या आणि दुसऱ्याने चित्र चालते केले.

२३ फेब्रुवारीला, म्हणजे पुण्यात कस्तुरबांना अग्नी दिला त्याच दिवशी, न्यूयॉर्क राज्यातच बीकन या गावी लिओ बेकलंड वारला. हे नाव मराठी वाचकाला अनोळखी वाटेल, पण त्याची वस्तू अनोळखी नाही. जुन्या नाशकातल्या कोणत्याही वाड्यात, तो पाडून तिथे इमारत उभी राहण्याआधी, दरवाज्याच्या आतल्या बाजूला एक लाकडी पट्टी असे आणि तिच्यावर काळी गोल बटणे असत. मध्ये गोलसर टोकाचा खटका, तो खाली केला की दिवा लागे आणि बोटाला एक ठसठशीत ‘टक्’ जाणवे. वरून टांगलेल्या वायरीला तसाच काळा होल्डर. आतली जोडणी ढिली होऊन तापली की त्याला औषधी, उग्र असा वास येई, आणि घरातले कोणी तरी मोठे माणूस लगेच ‘मेन बंद करा’ म्हणून ओरडे. ते म्हणजे बॅकेलाइट. कार्बोलिक ॲसिड आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून १९०७ मध्ये बेकलंडने ते बनवले. तापवले तरी पुन्हा वितळत नाही, वीज आरपार जाऊ देत नाही, आणि साच्यात घालाल त्या आकाराचे होते असा तो संपूर्ण मानवनिर्मित पदार्थ होता. आजच्या प्लास्टिकच्या साऱ्या पसाऱ्याचे मूळ त्यात आहे, बरे आणि वाईट दोन्ही. त्याच्याही आधी याच बेकलंडने दिव्याच्या उजेडात छापता येणारा फोटोचा कागद तयार केला होता आणि तो हक्क ईस्टमन कोडॅककडे गेला होता. म्हणजे फोटो घेणाऱ्या साध्या माणसाला घरी, दिव्याच्या उजेडात स्वतःचे चित्र स्वतः छापता यावे, या खटपटीत हाही माणूस होता. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढणाऱ्या फाळक्यांच्या दुनियेतलाच तो, फक्त समुद्रापलीकडचा.

२१ तारखेची ओळ मात्र अशी सहज वाचून पुढे जाता येत नाही. त्या दिवशी पॅरिसजवळच्या माँ-व्हालेरियँ या किल्ल्यात जर्मनांनी मिसाक मानुशियान आणि त्याचे साथीदार, असे बावीस जण गोळ्या घालून मारले. मानुशियान आर्मेनियन होता, वंशहत्येत पोरका झालेला, कारखान्यात कामगार म्हणून राबलेला आणि कविता लिहिणारा. त्या बावीस जणांत बरेचसे परदेशातून फ्रान्समध्ये आसऱ्याला आलेले होते, पुष्कळसे ज्यू होते. लोकांनी त्यांचा तिरस्कार करावा म्हणून जर्मनांनी लाल रंगाचे मोठे भित्तिपत्रक छापून त्यावर दहा जणांचे चेहरे लावले. झाले असे की आज ते लोक ओळखले जातात ते त्याच पत्रकामुळे. मरण्याच्या दिवशी मानुशियानने आपल्या बायकोला, मेलिनेला, पत्र लिहिले, आणि आपण जर्मन जनतेविषयी मनात द्वेष न ठेवता मरतो आहोत असे त्यात सांगितले. त्या मेलिनेकडे मी पुन्हा येणार आहे.

आता नाशिककडे वळतो.

फाळके त्र्यंबकेश्वरचे. ३० एप्रिल १८७० चा जन्म. त्यांनी केलेल्या उद्योगांची यादी मोठी आहे: फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छपाई, लिथोग्राफी, जादूचे प्रयोग. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून त्यांच्या मनाने घेतले की आपले राम-कृष्ण पडद्यावर आले पाहिजेत. डोळे बिघडेपर्यंत त्यांनी अभ्यास केला, १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला, आणि भांडवल देणाऱ्याला पटावे म्हणून कुंडीतल्या वाटाण्याला अंकूर फुटून वेल वाढण्यापर्यंतचे चित्रण रोज थोडे थोडे करून एक छोटी फिल्म तयार केली. ही वाटाण्याची गोष्ट मला ‘राजा हरिश्चंद्रा’इतकीच मोठी वाटते. रोज त्याच जागी बसून, त्याच कुंडीवर कॅमेरा रोखून, आज काहीच बदललेले दिसत नसतानाही हँडल फिरवण्याला जो स्वभाव लागतो, तो पुढच्या सगळ्या कामाला पुरला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात लागला. लांबी ३७०० फूट, रिळे चार. त्यातली पहिली आणि शेवटची रिळे आज उपलब्ध आहेत. त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला हलवले. ‘मोहिनी भस्मासुर’ इथे झाला, ‘लंकादहन’ इथे झाला, १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथे निघाली, आणि ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झालेली त्यांची लेक मंदाकिनी इथेच वाढली. भारतीय सिनेमाची पहिली खरीखुरी वसाहत, जिथे नट, सुतार, रंगारी, कॅमेरावाले आणि त्यांच्या बायकामुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत, ती नाशिकची. आपण हे अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवे.

मग बोलपट आला. फाळक्यांनी एकच बोलपट केला, ‘गंगावतरण’, तोही १९३७ मध्ये कोल्हापूरच्या कंपनीसाठी. त्यानंतरची सात वर्षे त्यांनी या गावात काढली. बाहेर सिनेमाचा धंदा त्यांच्याशिवाय जोरात चालला होता. युद्ध सुरू झाल्यावर कच्ची फिल्म दुर्मीळ झाली आणि तिच्यावर सरकारी नियंत्रण आले. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाने नवे काही सुरू करावे अशी वाटही उरली नव्हती. त्यांच्या नावाने केंद्र सरकारने पुरस्कार सुरू केला तो १९६९ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महापालिकेने केलेले स्मारक तर त्याच्याही पुष्कळ नंतरचे.

माझ्या सासूबाई पंचवटीतल्या. १९४४ साली त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. बा गेल्याची बातमी त्यांना पक्की आठवत असे. ‘‘महाशिवरात्र होती बघ,’’ असे त्या सांगत, ‘‘घरात सगळ्यांना उपास. कुणीतरी रात्री ओट्यावर येऊन सांगितलं, बा गेल्या म्हणून. सकाळी पारण्याला आईनं पुरण घातलं नाही. नुसता वरणभात लावला, आणि कुणी काही विचारलं नाही.’’ मी त्यांना विचारले, ‘‘आई, आणि फाळके? ते तर त्याच आठवड्यात इथेच गेले.’’ त्या बराच वेळ आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘फाळक्यांची कंपनी ठाऊक होती रे. आमच्या आत्याबाईंनी शूटिंगही पाहिलेलं. पण फाळके गेले कधी, ते काही कानावर आल्याचं आठवत नाही.’’

त्यांच्या या उत्तरात मला कोणाचाही दोष दिसत नाही. नऊ वर्षांच्या मुलीपर्यंत जी बातमी पोहोचते, ती घरातल्या मोठ्यांच्या चेहऱ्यावरून पोहोचते. बांचे जाणे हे पंचवटीतल्या एका स्वयंपाकघरापर्यंत आले, चुलीवरच्या पदार्थांत बदल करून गेले. फाळक्यांचे जाणे त्याच गावात, नदीच्या पलीकडच्या तीरावर घडूनही तिथपर्यंत आले नाही. त्या महाशिवरात्रीला, दरवर्षीप्रमाणे, माणसांची रीघ त्र्यंबकेश्वराकडे लागलेली असणार, म्हणजे फाळक्यांच्या जन्मगावाकडे. आणि इकडे त्यांच्या घरचे सुतक अजून फिटलेले नव्हते, दहावा व्हायला तीन दिवस होते.

या दोन मृत्यूंना जोडणारा आणखी एक धागा आहे, आणि या महिन्याविषयी लिहायला मी बसलो तो मुख्यतः त्या धाग्यासाठी. तो म्हणजे हरिश्चंद्र.

गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे की, लहानपणी राजकोटला त्यांनी हरिश्चंद्राचे नाटक पाहिले आणि त्याने त्यांचे मन इतके झपाटले की, मनातल्या मनात ते असंख्य वेळा हरिश्चंद्र झाले. सगळेच त्याच्यासारखे सत्यवादी का होत नाहीत, हा प्रश्न त्यांना दिवसरात्र पडे. पुढच्या साऱ्या आयुष्याची ती सुरुवात. फाळक्यांनाही पहिल्या चित्रपटासाठी हाच राजा सुचला. हे स्वाभाविकच होते, कारण ती कथा खेड्यापाड्यांत कीर्तनातून, नाटकातून पोहोचलेली होती, मूकपटातही ती कळायला अडचण नव्हती. परंतु या कथेत राजा सत्यासाठी राज्य सोडतो तेव्हा त्याच्या मागोमाग तारामती निघते. स्वप्नात दिलेला शब्द राजाचा, विश्वामित्राची दक्षिणा राजाने फेडायची, आणि त्यासाठी काशीच्या बाजारात आधी विकली जाते ती ती. दुसऱ्याच्या घरी ती दासी होते, मुलगा सर्पदंशाने जातो, आणि स्मशानात डोंबाघरचा चाकर झालेला तिचा स्वतःचा नवरा तिच्याजवळ दहनाचे शुल्क मागतो. सत्याची कसोटी राजाची म्हणतात. किंमत मोजताना हात तिचा दिसतो.

फाळक्यांच्या चित्रपटात तारामतीचे काम करायला बाई मिळाली नाही, शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. असे सांगतात की फाळक्यांनी आपल्या पत्नीलाही, सरस्वतीबाईंनाही, विचारून पाहिले होते, आणि इतकी कामे अंगावर असताना तेही मीच करू का, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. रसायने कालवणे, फिल्म धुणे त्या शिकल्या होत्या. उन्हात पांढरी चादर ताणून धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडण्यासाठी त्या तासन् तास उभ्या राहत. आणि कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे काम त्यांचे होते.

या भोकांपाशी थोडे थांबले पाहिजे. त्या काळी फाळक्यांकडे येणारी कच्ची फिल्म नुसती सपाट पट्टी असे. कॅमेऱ्याच्या दात्यांत ती अडकावी म्हणून दोन्ही कडांना भोके घरीच पाडावी लागत, आणि तेही अंधारात, कारण उजेड लागला तर फिल्म वाया. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रे बसतात आणि प्रत्येक चित्रामागे दर कडेला चार भोके असतात. म्हणजे एका फुटाला, दोन्ही कडा धरून, एकशे अठ्ठावीस. ‘राजा हरिश्चंद्र’ ३७०० फुटांचा, तेव्हा पडद्यावर दिसलेल्या तेवढ्याच फिल्मला सुमारे पावणेपाच लाख भोके झाली; काढून टाकलेली, फुकट गेलेली फिल्म वेगळी. त्यासाठी लहानसे यंत्र होते, पण पट्टी हाताने सरकवायची, बोटांनी चाचपायची. एक जरी भोक वाकडे पडले तर पडद्यावरचे चित्र उडी मारणार. घरातली जेवणे उरकल्यानंतर, मुले निजल्यानंतर, काळोख्या खोलीत बसून एका बाईने हे केले. पैशाची गरज लागली तेव्हा त्यांनी दागिने काढून दिले. भारतीय सिनेमाचा जनक कोण याचे उत्तर आपल्याला पाठ आहे. जननीविषयी विचारावे असे कोणाला सुचत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दागिन्यांवरून कस्तुरबांकडे येणे अपरिहार्य आहे. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून परत निघताना लोकांनी गांधींना भेटी दिल्या, त्यात कस्तुरबांसाठी सोन्याचा एक हार होता. हे सगळे सार्वजनिक कामासाठी विश्वस्तांकडे सोपवायचे असे गांधींनी ठरवले. कस्तुरबा भांडल्या. माझ्यासाठी नको, पण उद्या सुना येतील त्यांच्यासाठी हवा, असे त्या म्हणाल्या. आणि तुमची सेवा ती माझीही सेवा, रात्रंदिवस राबले ती मीच, मग माझ्या भेटीवर तुमचा हक्क कसा, असेही विचारले. हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते गांधींनीच प्रांजळपणे लिहून ठेवले म्हणून, आणि तिचे काही बोल वर्मी लागले हेही त्यांनीच कबूल केले आहे. हार गेला तो गेलाच.

मात्र कस्तुरबांना केवळ नवऱ्यामागे चालत गेलेली बाई मानणे हा त्यांच्यावर मोठा अन्याय होईल. मार्च १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयाने निवाडा दिला आणि ख्रिस्ती विधीने न झालेले, नोंद नसलेले विवाह कायद्याच्या दृष्टीने अवैध ठरले. म्हणजे तिथल्या हजारो भारतीय बायका एका फटक्यात बायकोपणाला मुकल्या. कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या, सप्टेंबरमध्ये हद्द ओलांडून पकडल्या गेल्या आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगून खंगून बाहेर आल्या. ज्या वर्षी गिरगावातल्या पडद्यावर पुरुषाने वठवलेली तारामती लोकांनी डोळ्यांत पाणी आणून पाहिली, त्याच वर्षी ही चव्वेचाळीस वर्षांची बाई, आपण पत्नी आहोत हे सांगण्यासाठी, तुरुंगात गेली. १९१३ चा हा योग मला फेब्रुवारी १९४४ मधून मागे जाता जाता दिसला.

शेवटचा तुरुंग आगाखान पॅलेस. ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे गांधींना पकडले. संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांच्या जागी आपण बोलू असे कस्तुरबांनी जाहीर केले आणि त्यांनाही पकडण्यात आले. आठवडा उलटतो न उलटतो तोच, १५ ऑगस्टला, गांधींचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच हृदयविकाराने गेले. त्यांच्या समाधीवर फुले वाहायला कस्तुरबा जात असत. दीड वर्षाने त्यांचीच प्रकृती ढासळली, हृदय थकले, छातीत न्यूमोनिया झाला. त्या काळी अत्यंत दुर्मीळ असलेले पेनिसिलिन देवदासने विमानाने मागवले. पण दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर, आता तिला शांतपणे जाऊ दे, असे गांधींनी मुलाला सांगितले. या निर्णयाविषयी तेव्हापासून लोक वाद घालतात. मला वाटते, इतक्या उशिरा, इतक्या थकलेल्या शरीराला ते औषध तारू शकले असते असे छातीठोकपणे म्हणणे कठीण आहे. आणि तरीही तो निर्णय वाचताना दर वेळी मन अडखळते. त्या गेल्या तेव्हा त्यांचे डोके गांधींच्या मांडीवर होते. सार्वजनिक अंत्ययात्रेला सरकारने परवानगी दिली नाही. गांधींनी कातलेल्या सुताची साडी नेसवून दुसऱ्या दिवशी त्याच आवारात, महादेवभाईंच्या शेजारी त्यांना अग्नी दिला, आणि चिता विझत येईपर्यंत ते म्हातारे गृहस्थ तिथून हलले नाहीत. बासष्ट वर्षांचा संसार होता.

त्यांच्या स्मरणार्थ खेड्यांतल्या बायका आणि मुलांसाठी पंचाहत्तर लाखांचा निधी उभारायचे ठरले, आणि लोकांनी एक कोटीहून अधिक दिले. १९४४ च्या देशात, महागाईत, रेशनच्या रांगांत. त्याच हिवाळ्यात बंगालमध्ये दुष्काळानंतरची रोगराई चालू होती. चौकशी आयोगाने त्या दुष्काळातले मृत्यू सुमारे पंधरा लाख धरले, पुढच्या अभ्यासकांचे आकडे तीस लाखांच्या घरात जातात, आणि त्यांतले पुष्कळ मृत्यू १९४३ संपल्यानंतरचे आहेत. फेब्रुवारी १९४४ मध्ये गेलेली नामवंत माणसे अशी यादी आपण करतो, तेव्हा मलेरियाने आणि देवीने त्या महिन्यात गेलेल्या या माणसांपैकी एकाचेही नाव तिच्यात नसते. यादीचा हा दोष नव्हे, यादी नावांचीच असणार. पण फाळके आणि कस्तुरबा यांच्यामधल्या सहा दिवसांत हेही चालू होते हे मनात धरल्याशिवाय मला तो महिना वाचता येत नाही.

१९६९ साली फाळके पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान देविका राणींना मिळाला. त्याच साली आगाखानांनी पुण्याचा तो पॅलेस गांधींच्या स्मरणार्थ देऊन टाकला. आज तिथे गेले की कस्तुरबांची समाधी पाहता येते. आणि मानुशियानच्या त्या पत्रातल्या मेलिनेविषयी सांगायचे तर, ती नवऱ्यामागे पंचेचाळीस वर्षे जगली, त्याची आठवण जागती ठेवत राहिली आणि १९८९ मध्ये गेली. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी, बरोबर ऐंशी वर्षांनी, फ्रान्सने मानुशियानला पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, देशाच्या थोर माणसांच्या सोबतीला, नेऊन ठेवले. त्याच्या बरोबर मेलिनेलाही नेले. इतक्या वर्षांनी का होईना, एका देशाला हे सुचले की तिला मागे ठेवून त्याला एकट्याला आत नेणे बरे नव्हे.

नाशिकला हे करायला ऐंशी वर्षे थांबण्याची गरज नव्हती, आणि आता तर अजिबात नाही. १६ फेब्रुवारीला दादासाहेबांच्या तसबिरीला हार घालतात, तिथेच शेजारी सरस्वतीबाईंची तसबीर मांडावी. शाळांच्या सहली पांडवलेण्यांवर येतात; वर चढण्याआधी मुलांना फिल्मची एक भोके पाडलेली आणि एक कोरी पट्टी हातात द्यावी, अंधाऱ्या खोलीत नेऊन ती बोटांनी चाचपू द्यावी, आणि हे काम कोण करत होते ते सांगावे. पुरस्कार दिल्लीचा आहे, त्याचे नाव दिल्लीने ठरवलेले आहे. एवढे मात्र आपल्या गावाच्या हातातले आहे.